टांकसाळीची चूक आणि बाजाराची जखम



नाण्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला आजकाल एकच प्रश्न फार विचारला जातो. सेलूहून कोणी फोन करतो, जिंतूरहून कोणी फोटो पाठवतो, गंगाखेडच्या बसस्टँडवर कोणी खिशातून नाणे काढून पुढे धरतो: "सर, हे मिंट एरर आहे का? किती येतील याचे?" त्यांतल्या बहुतेकांनी मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. वैष्णोदेवीच्या नाण्याचे लाखो मिळतात, अमुक खूण नसलेल्या नाण्याला परदेशात गिऱ्हाईक आहे, असे त्यात छातीठोकपणे सांगितलेले असते. विचारणारा कधी कॉलेजचा मुलगा असतो, कधी कापूस विकून घरी निघालेला शेतकरी. या मंडळींना "काही नाही, खर्च करून टाका" एवढे सांगून वाटेला लावणे मला बरे वाटत नाही. का नाही, हे त्यांना कळले पाहिजे. म्हणून आज इथे हाच विषय घेतला.

नाण्यात दोष दोन ठिकाणी येऊ शकतो. टांकसाळीच्या भिंतीआत, नाणे घडत असताना. किंवा भिंतीबाहेर, ते लोकांच्या हाती आल्यावर. पहिल्याला संग्राहक मिंट एरर म्हणतात, दुसऱ्याला नुसते डॅमेज. दोष नेमका कोणत्या क्षणी आला, हे धातूच सांगतो. त्याला विचारायचे कसे, एवढेच शिकावे लागते.

त्यासाठी नाणे कसे होते ते डोळ्यांपुढे आणा. धातूचा लांब पत्रा ठरलेल्या जाडीचा लाटून घेतात. त्यातून गोल चकत्या कापतात. आपल्या घरी मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापतात, तसेच. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, मग एका यंत्रातून अशा फिरवतात की त्यांचा काठ दाबून थोडा वर उचलला जातो. शेवटी ही चकती एका पोलादी कड्यात बसते, वर एक साचा, खाली एक साचा, आणि कित्येक टनांचा दाब. एकाच दाबात दोन्ही बाजूंची छाप उमटते, कडेचे दातेही त्या कड्यामुळे उमटतात. म्हणजे खऱ्या चुकीला जागा तीनच: चकती बिघडली, साचा बिघडला, किंवा ठोका बिघडला. कोणी 'दुर्मीळ' म्हणून नाणे दाखवले की मी पहिला प्रश्न हाच करतो: यांतल्या कुठल्या पायरीवर हे होऊ शकेल? एकीवरही होऊ शकत नसेल, तर ते टांकसाळीत झालेलेच नाही.

आता काठ तुटलेले नाणे घेऊ, कारण ते सर्वांत जास्त दाखवले जाते. पत्रा पुढे सरकायला हवा तेवढा सरकला नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर चढून कापली जाते आणि तिचा चंद्रकोरीएवढा तुकडा गायब होतो. ही खरी चूक. पण कानसीने घासून किंवा कातरीने कापूनही अशीच कोर पाडता येते, आणि विकायला पाडतातच. फरक कसा ओळखायचा? तुटलेल्या जागेच्या बरोबर समोरचा काठ बघा. काठ उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब नीट बसत नाही. त्यामुळे खऱ्या कोरीच्या समोरचा काठ मिटलेला, बसका राहतो. मग कोरीजवळची अक्षरे बघा. दाब पडताना धातू मोकळ्या जागेकडे सरकतो, म्हणून तिथली अक्षरे ओढल्यासारखी, काठाकडे विरत गेलेली दिसतात. कानसीने पाडलेल्या कोरीत समोरचा काठ धडधाकट असतो, अक्षरे मध्येच तोडलेली असतात, आणि दहापट भिंगाखाली कानसीच्या समांतर रेषा उघड दिसतात. ही एक खूण नीट शिकलात तरी फसवणुकीचा मोठा भाग टळेल. बनावट करणारा तुटलेल्या जागेवर मेहनत घेतो. समोरच्या काठाकडे तो बघत नाही.

दुसरी कसोटी आणखी सोपी. साच्याला तडा गेला तर दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो, आणि नाण्यावर उंचावलेली रेघ येते. नाणे नंतर कुठे घासले गेले तर रेघ खोल जाते. बोटाने कळत नसेल तर टॉर्चचा उजेड तिरपा पाडा. उंच रेघेची सावली एका बाजूला पडते, खोल रेघेची दुसऱ्या बाजूला. जवळचे अक्षर उंच आहे हे आपल्याला माहीत असते, त्याच्या सावलीशी ताडून बघायचे. याला एक अपवाद आहे. साचा आणि चकती यांच्यामध्ये दोरा, तार किंवा धातूचा कीस अडकला, तर त्याचा खोल ठसा टांकसाळीतच उमटतो. पण तिथे खळग्याचा तळ गुळगुळीत असतो आणि कडेला धातूची उलटलेली धार नसते. ओरखड्याला ती असते.

अक्षर किंवा आकडा गायब असेल तर? साच्याच्या खाचेत वंगण आणि धूळ भरली की तिथे धातू शिरत नाही, अक्षर उमटतच नाही. मात्र त्या जागेची पातळी आजूबाजूच्या सपाट भागाएवढीच असते आणि तिथली चमकही तीच असते. कोणी अक्षर खरवडून काढले असेल तर तिथे खळगा असतो, निदान चमक तरी मोडलेली असते.

खूण नसलेल्या नाण्यांबद्दल इथे एक स्पष्ट सांगतो. सालाच्या खाली चौकट, म्हणजे हिऱ्याचा आकार, असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचे. गोल ठिपका नोएडाचा. चांदणी हैदराबादची. कलकत्ता काहीच खूण करत नाही. तेव्हा खालची जागा कोरी असलेले नाणे ही चूक नव्हे, ते कलकत्त्याचे नाणे आहे. 'बिनखुणेचे दुर्मीळ नाणे' म्हणून कोणी हजार रुपये मागत असेल तर तो अज्ञानी तरी आहे किंवा लबाड तरी. वैष्णोदेवीचेही तेच. श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली पाच आणि दहा रुपयांची ती नाणी निघाली, चलनात आली, आजही ती पाच आणि दहा रुपयांचीच आहेत. त्यांत चूकही नाही.

मुलांनी शोधावी अशी एक खरी चूक मात्र आहे, आणि तिला पैसा लागत नाही. आपल्या आजच्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने उभ्या असतात. नाणे चिमटीत वर-खाली धरा, उभ्या आसाभोवती पानासारखे उलटा. सिंह सरळ होते तर मागचा आकडाही सरळ आला पाहिजे. तो तिरपा, आडवा किंवा उलटा आला तर एक साचा यंत्रात फिरून बसला होता. ही चूक बाहेर कोणाला करता येत नाही, कारण त्यासाठी अख्खी बाजू पुन्हा छापावी लागेल. फार मोठी किंमत येत नाही. पण शाळेतल्या मुलाने गल्ल्यातल्या सुट्ट्या पैशांतून असे एक नाणे स्वतः शोधले, तर कुठल्या पायरीवर काय घडले हे त्याला हातात धरून दाखवता येते. माझ्या दृष्टीने तो आनंद विकत घेतलेल्या नाण्यापेक्षा मोठा आहे.

दहा रुपयांचे नाणे जरा सावकाश बघू. त्याने आपल्या भागात खूप त्रास सोसला आहे. दहा पट्ट्यांचे खरे, पंधरा पट्ट्यांचे खोटे, अशी अफवा उठली. किराणा दुकानदार घेईनात, ऑटोवाले परत करीत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की तोवर निघालेले चौदाही प्रकार कायदेशीर आहेत. पंधरा पट्ट्यांवाला नमुना आधीचा, रुपयाचे नवे चिन्ह येण्यापूर्वीचा. दहा पट्ट्यांवाला २०११ पासूनचा. सरकारने नमुना बदलला म्हणजे चूक होत नाही.

या नाण्यात दोन धातू आहेत, बाहेर पिवळे कडे आणि आत पांढरी चकती. दोन्ही वेगवेगळे कापतात, एकात एक ठेवतात आणि मग एकाच दाबात छापतात. त्या दाबानेच ते एकमेकांत घट्ट बसतात. छाप शेवटी आणि एकदमच पडते, ही गोष्ट लक्षात ठेवा. आता कोणी तुम्हाला मधली चकती सरकलेले नाणे दाखवले, तर सांध्याकडे नंतर बघा, आधी छाप बघा. खऱ्या चुकीत सांधा सरकतो, पण छाप आपल्या जागी असते. सिंहांचा स्तंभ मधोमध, 'भारत' डावीकडे, 'इंडिया' उजवीकडे, आणि चित्राची रेषा पांढऱ्या धातूवरून पिवळ्यावर न तुटता जाते. हातोडीने चकती काढून परत ठोकलेल्या नाण्यात सिंह तिरपे होतात, 'भारत'शी त्यांचे नाते तुटते, सांध्यात फट दिसते आणि आतल्या कडेला ओरखडे असतात. टांकसाळीत चकती छापल्यानंतर फिरत नाही. फिरली असेल तर कोणीतरी फिरवली.

रेल्वेवर चपटी केलेली नाणी तर पूर्णेची खासियत म्हणावी लागेल. पूर्णा जंक्शनच्या आसपास वाढलेल्या कितीतरी मुलांनी रुळावर नाणे ठेवून गाडीची वाट पाहिली असेल. असे नाणे पातळ होते, लांबट होते, छापेची फक्त छाया उरते, वजन मात्र तेवढेच राहते. टांकसाळीतही नाणे पसरू शकते. कडे जागेवर नसेल तर धातू मोकळा बाहेर सरकतो. पण तिथे छाप मधोमध स्वच्छ उमटलेली असते आणि कडेला दाते नसतात. ॲसिडात बुडवलेले नाणे याच्या उलट खुणांनी ओळखायचे. त्याचा आकार सर्व बाजूंनी सारखा आटतो, अक्षरे बारीक होतात आणि वजन घटते. जुने तांबे-निकेलचे पाच रुपये ९ ग्रॅमचे; सोनाराच्या काट्यावर सात भरले तर ती वेगळ्या पत्र्याची चकती आहे की ॲसिडाची करामत, हे पृष्ठभागाची चमक सांगते. टांकसाळीतून आलेल्या धातूवर दाबाने मधून काठाकडे गेलेल्या बारीक रेषा असतात, नाणे हलवले की उजेड त्यांवरून फिरतो. ॲसिड त्या खाऊन टाकते. चिंच, राख, ब्रासो यांनीही त्या जातात. म्हणून नाणी घासू नका, हे मी हात जोडून सांगतो.

'शोले' चित्रपटातल्या जयच्या, दोन्ही बाजू सारख्या असलेल्या नाण्याबद्दल दर व्याख्यानात कोणीतरी विचारतेच. अशी नाणी जादूच्या सामानाच्या दुकानात मिळतात. एक नाणे लेथवर आतून पोखरून त्यात दुसऱ्याची घासलेली बाजू बसवतात. काठाच्या आतल्या बाजूला गोल सांधा असतो, आणि टेबलावर टाकले की आवाज बद्द येतो.

इथपर्यंत आजच्या नाण्यांचे झाले. पण परभणीत बसून फक्त त्यांच्याबद्दल बोलणे मला अपुरे वाटते, कारण आपल्या घरांतल्या डब्यांत, देव्हाऱ्यात, म्हाताऱ्या माणसांच्या गाठोड्यात अजून जी जुनी नाणी आहेत ती दुसऱ्याच राज्याची आहेत.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि त्या राज्याचे स्वतःचे चलन होते. हाली रुपया इथला आणि कलदार इंग्रजी मुलखाचा. १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदारांना सात हाली, हा हिशेब आपल्या आजोबा-पणजोबांना पाठ होता. १९००च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे रेल्वे आली. सेलू, मानवत, परभणीचा कापूस मुंबईकडे जाऊ लागला आणि मोंढ्यात दोन्ही रुपये शेजारी शेजारी वाजू लागले. निजामाचे चलन राज्य हिंदुस्थानात विलीन झाल्यावरही लगेच संपले नाही, काही वर्षे दोन्ही रुपये सोबत चालले.

हाली नाण्यांत आधीची हाताने ठोकलेली आणि नंतरची यंत्राची असे दोन काळ आहेत, आणि चूक-जखम हा भेद दोन्हींना सारखा लावता येत नाही. हाताने ठोकलेल्या रुपयाचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे. ऐरणीवर चकती, वर ठसा, त्यावर घण. मजकुराचा जेवढा भाग चकतीवर आला तेवढा आला. हैदराबादचे नाव 'फरखुंदा बुनियाद', औरंगाबादचे 'खुजिस्ता बुनियाद', ही टांकसाळींची बिरुदे अर्धीच वाचता येणारी नाणी डब्याडब्यांत सापडतील. मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराईचेही तसेच, 'छत्रपती' पूर्ण आलेली शिवराई क्वचितच मिळते, आणि अक्षरांची वळणे तर ठशाठशाला निराळी. ही चूक नव्हे, ती त्या पद्धतीची नेहमीची रीत. 'ऑफ-सेंटर शिवराई, दुर्मीळ' अशी जाहिरात वाचली की मला वाईट वाटते, कारण विकणाऱ्याने ती शिवराई नीट पाहिलेलीच नसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्राचा चारमिनार रुपया आला. हा हातात घेऊन बघा. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर आहे. निजाम मीर महबूब अली खानच्या नाण्यावर ते 'मीम', आणि १९११ साली मीर उस्मान अली खान गादीवर आल्यावर 'ऐन'. उस्मानच्या सुरुवातीच्या नाण्यांवर हा ऐन अपुरा, आखूड आहे. पुढे तो पूर्ण आला. आखूड ऐन बघून कोणी म्हणते साचा झिजला, कोणी म्हणते अक्षर घासले. दोन्ही नाही. साचाच तसा कोरला होता, मग सुधारला. हा नमुन्यातला प्रकार आहे, आणि प्रकार ओळखण्यासाठी एक सोपा नियम: तोच आकार, तशाच धारदार कडांनी, वेगवेगळ्या नाण्यांवर पुन्हा पुन्हा भेटतो. झीज किंवा घासणी प्रत्येक नाण्यावर निराळी असते.

आता बाजाराच्या जखमांकडे येतो, आणि इथे माझे मत बाजारातल्या मताहून वेगळे आहे. हाताने ठोकलेल्या चांदीच्या रुपयांवर बारीक ठोक दिसतात. फुली, ठिपका, चांदणी, कधी नुसती छिन्नीची खाच. हे सराफांनी केलेले. आत तांबे घालून वर चांदीचा मुलामा दिलेले रुपये बाजारात फिरत, म्हणून सराफ किंवा सरकारी पोतदार नाणे कापून बघत आणि चोख निघाले की आपली खूण करत. खुणा फार झाल्या, किंवा काठ कोणी छाटलेला असला, की बट्टा लागे. यंत्राच्या रुपयाला दातेरी काठ आला, काठ छाटला की लगेच दिसू लागले, आणि सराफाच्या ठोकाचे काम हळूहळू संपले. आजच्या लिलावात ठोक असलेला रुपया 'डॅमेज्ड' म्हणून खाली ढकलतात. किंमत त्यांनी ठरवावी. पण मराठवाड्यात विश्वास कसा चालत असे, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने तोच रुपया निवडावा. कोरा, न वापरलेला रुपया इथल्या एकाही माणसाबद्दल काही सांगत नाही.

तोच न्याय लमाणी दागिन्यांना. जिंतूरकडच्या तांड्यांवर आजही जुन्या पेट्यांतून चारमिनार रुपयांचे, कलदारांचे हार निघतात. रुपयाला डाक देऊन कडी लावलेली, कधी काठाजवळ भोक पाडलेले. भोकाच्या मागच्या बाजूला धातूची उलटलेली धार असते, म्हणजे ते छापल्यानंतर पाडलेले. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवायला इंग्रज सरकारने १९४३ पासून काढलेल्या एक पैशाच्या नाण्याला मुळातच मधोमध भोक आहे, त्याला अशी धार नसते. दोन्ही शेजारी ठेवली की फरक ध्यानात येतो. आणि त्या हाराला 'खराब नाणी' म्हणून भंगारात वजनावर विकणारे बघितले की माझा जीव तुटतो.

पैशाचा आणि कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो नीट ऐका. नाणी विकून देतो म्हणून आधी नोंदणी फी, कमिशन, कर मागणारे लोक फोनवर भेटतात, आणि त्यांतले काही रिझर्व्ह बँकेचे नाव वापरतात. बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी लोकांना जाहीर सावध केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात ती पडत नाही आणि कधीही फी मागत नाही. पैसे मागितले की फोन ठेवा. २०११च्या नाणेविषयक कायद्याने चलनी नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे, तेव्हा चूक 'तयार' करणारा संग्राहकांना फसवतो तसाच कायदाही मोडतो. आणि नांगरताना काळ्या मातीतून जुन्या नाण्यांचे मडके निघाले तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. सोनाराकडे जाऊन ती नाणी आटवली, तर त्यांवरचे सालही जाते आणि सोबत कोणती नाणी होती ही माहितीही जाते. तीच अभ्यासाला सर्वांत मोलाची.

व्याख्यान संपल्यावर मी बाजूच्या टेबलावर थांबणार आहे. भिंग, काटा, लोहचुंबक आणलेले आहे. ज्यांनी नाणी आणली असतील त्यांनी जरूर दाखवावीत. बहुतेक वेळा उत्तर "चूक नाही" असेच असेल, आणि कारण मी तुमच्या हातात भिंग देऊनच दाखवीन. घरी हाली रुपया असेल तर घासू नका, कडी असेल तर डाक वितळवून काढू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, वजन करा, आणि एका कागदावर लिहा: कुठल्या गावचे किंवा तांड्याचे, कोणी वापरले, हार होता की सुटे, कोणाच्या लग्नात आले. हा कागद नाण्याबरोबर त्याच डबीत ठेवा. नाणे कितीदाही तपासता येईल. ज्या आजीला ही माहिती आहे तिला मात्र आजच विचारा.